कोरडा जोड

आमच्या क्लबच्या नोंदवहीत विमलाबाई सोनकांबळे यांच्या नावापुढं 'पायलट एरर' असे दोन शब्द लिहिले गेले, ते माझ्या हातानं. अक्षर सुबक आहे. शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. पुढं चार महिने त्या बाईंनी त्या दोन शब्दांचा असा काही पिच्छा पुरवला, की शेवटी मला माझंच अक्षर बघवेना. ही हकिगत मी त्यांच्या कौतुकासाठी सांगत नाही. कौतुक त्यांना चालत नाही. ती सांगायची पाळी माझी आहे, म्हणून सांगतो.

क्लब आहे विमानांची मॉडेलं उडवणाऱ्यांचा. हैदराबादजवळ, घटकेसरच्या पुढं एका माळावर आम्ही डांबराची चिंचोळी पट्टी घातली आहे. दर रविवारी सकाळी पंचवीस-तीस जण जमतो. निम्मे आयटीतले, बाकीचे दुकानदार, एक दातांचा डॉक्टर, दोन निवृत्त मास्तर. बोलणं तेलुगूत, दखनीत, इंग्रजीत, जसं तोंडाला येईल तसं. मी मंदार, पुण्याहून नोकरीसाठी इथं आलो त्याला बारा वर्षं झाली, आणि क्लबचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे ज्याच्याकडं वही असते, शिक्का असतो आणि दुसऱ्याला थांबवायचा अधिकार असतो तो. पुणेकराला आणखी काय हवं?

विमलाबाई तिथल्या एकट्या बाई. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. अंबरपेठहून ट्रॉली ऑटोत विमान बांधून यायच्या आणि ऑटोवाल्याला त्या खोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्या डायलिसिस टेक्निशियन होत्या. पहिल्या दिवशी मी फॉर्म भरून घेताना अगदी सहज विचारलं, सोनकांबळे म्हणजे कुठले? हा प्रश्न आपण किती सहज विचारतो ते आपल्यालाच माहीत असतं.

"आडनाव ऐकून जे तुमच्या डोक्यात आलं ना, तेच," त्या म्हणाल्या. "गाव देगलूर. आता सही कुठं करायची ते सांगा."

मी ओशाळून त्यांना काकू म्हणालो. काकू नको. आमचा अध्यक्ष हेमंत आंटी म्हणाला, तेही नको. एकतीस वर्षं लोकांनी सिस्टर म्हणून हाक मारली आणि एकतीस वर्षं मी सिस्टर नाही म्हणून सांगितलं, आता नव्यानं ती कटकट नको, असं त्यांनी ऐकवलं. मग विमलाबाईच ठरलं.

त्यांचे वडील किशनराव बेगमपेटच्या जुन्या विमानतळावर हमाल होते. चौतीस वर्षं विमानात लोकांचं सामान चढवलं. स्वतः कधी चढले नाहीत. रविवारी लेकीला सायकलवर घेऊन कुंपणापाशी उभे राहायचे आणि विमानाच्या आवाजावरून ते कुठलं ते सांगायचे. ह्यापलीकडं बाई त्या विषयावर बोलत नाहीत. पण त्यांच्या निळ्या जेटच्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत नाव आहे, 'किशनराव'. लग्न त्यांनी केलं नाही. का, हे मी विचारलं नाही, कारण त्यांनी उलट मलाच तू का केलंस म्हणून विचारलं असतं. बाकीच्यांच्या हॉलमध्ये सोफा असतो. त्यांच्याकडं तिथं लांबलचक टेबल आहे, शिकंजा आहे, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर रॉकेलच्या टाक्या उलट्या टांगलेल्या असतात. शेजारणी नाक धरून आत येतात, पण येतात.

रबर बँडच्या विमानापासून जेटपर्यंत यायला त्यांना अकरा वर्षं लागली. जेट घेतलं तेव्हा निवृत्तीचा पैसा ह्या खेळण्यात घालणारी बाई म्हणून नातेवाइकांत बरीच चर्चा झाली म्हणे. त्या चर्चेला त्यांनी स्वतः जाऊन उत्तर दिलं. काय दिलं ते कळलं नाही, पण चर्चा थांबली.

आता हे जेटचं इंजिन. दुधाच्या लिटरच्या बाटलीएवढं असतं, पण आतली चाकं मिनिटाला लाखावर फेरे घेतात. पोटाला लागतं रॉकेल आणि त्यात थोडं तेल. टाकीतून पंप रॉकेल ओढतो आणि बारीक नळीतून इंजिनात ढकलतो. ऐकायला सोपं आहे. पण त्या नळीतून एक हरभऱ्याएवढा बुडबुडा गेला की ज्योत विझते आणि विमानाचा दगड होतो. म्हणून इंधनाची जोडणी हेच खरं काम. इंजिन तर विकत मिळतं.

आमच्या क्लबात हे काम रितेश करायचा. हैदराबादेतच जन्मलेला, हाताचा चांगला, तोंडाचा गोड. सगळ्या जेटांच्या नळ्या त्यानंच बसवलेल्या. वहीत एक रकाना आहे, 'इंधनाची जोडणी कोणी केली', त्यात वरपासून खालपर्यंत रितेश, रितेश, रितेश. विमलाबाईंनी सांगितलं, माझी मी करीन.

आणि सुरुवातीलाच त्यांनी एक घोळ घातला. दवाखान्यात जन्म काढलेला, तेव्हा कोठीच्या बाजारातून सलाईनची नळी आणली आणि टाकीला जोडली. पाण्याला ती नळी उत्तम. रॉकेलनं आठ दिवसांत खराट्याच्या काडीसारखी कडक झाली आणि वाकवल्यावर कट्कन मोडली. विमान अजून जमिनीवरच होतं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण पुढच्या रविवारी बाईंनी तो तुकडा आमच्या नोटिसबोर्डावर टाचणीनं लावला आणि खाली कागद डकवला: 'ही नळी रॉकेलला चालत नाही. चूक माझी. वि. कि. सोनकांबळे.' लोक हसले. हेमंतनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तो तुकडा अजून बोर्डावर आहे, आणि त्यानंतर ती चूक क्लबात कुणी केलेली नाही.

मग योग्य नळ्या आणून त्यांनी पुन्हा जोडणी केली, तेव्हा मी त्यांच्या घरी तपासायला गेलो होतो. नळीचं तोंड नव्या ब्लेडनं एका दाबात सरळ कापायचं. तिरकं कापलं की फेकून द्यायचं. प्रत्येक जोडाला बारीक तार गुंडाळून पीळ द्यायचा. मुख्य टाकी आणि पंपाच्या मध्ये त्यांनी एक छोटी टाकी बसवली होती, आलेली हवा वरच्या वर अडवणारी. त्या तिला 'चेंबर' म्हणायच्या, कारण डायलिसिसच्या मशीनलाही रक्तातली हवा अडवणारं असंच एक चेंबर असतं. आणि नळ्या भरायची त्यांची पद्धत तर थेट वॉर्डातली. पंप हळू चालवायचा, चेंबर उलटं धरायचं आणि बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक करत राहायचं. भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात आणि वर येतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी घड्याळ बघू लागलो, तर म्हणाल्या, जरा हल्लू, सेक्रेटरीसाब, पेशंट पळून जात नाही.

त्यानंतर मी माझी तपासणीची यादी काढली. ही यादी मीच तयार केलेली, तीस ओळींची, प्लास्टिकमध्ये मढवलेली. चौदावी ओळ: 'फिल्टर टाकी आणि पंप यांच्या मध्ये असावा.' बाईंनी फिल्टर पंपाच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला बसवला होता. मी बदलायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, यादीत आहे. त्या म्हणाल्या, पंपाच्या आधी अडथळा नको, पंप हिसके मारून ओढतो, आणि तिथं दोन जोड वाढतात. मी म्हणालो, विमलाबाई, नियम म्हणजे नियम. त्यांनी तारा कापल्या आणि फिल्टर चेंबर आणि पंपाच्या मध्ये हलवला. उडवायचं होतं ना.

सप्टेंबरातल्या एका रविवारी 'किशनराव' उडालं. दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसरीला, माळाच्या टोकाच्या चिंचेवर, बाईंनी पूर्ण जोर दिला आणि आवाज बंद झाला. एवढी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. त्यांनी ते मेलेलं विमान कसंबसं तरंगवत आणलं, पट्टीच्या अलीकडं काटेरी झुडपात उतरवलं, पुढचं चाक तुटलं, नाक चेपलं. बाई धावल्या नाहीत. चालत गेल्या आणि म्हणाल्या, पोटात हवा गेली.

कमिटी बसली: हेमंत, रितेश आणि मी. रितेशनं पांढरा टिश्यू पेपर घेऊन एकेक जोड पुसला. सगळे कोरडे. गळती नाही म्हणजे नळ्या ठीक. टाकीत रॉकेल आहे, पंप फिरतोय. मग उरतं कोण? हेमंत म्हणाला, बाईंनी रिमोटवरचा जोराचा लिव्हर खाडकन पुढं ढकलला असणार. बाई सांगू लागल्या की जोड कोरडा असल्यानं काहीच सिद्ध होत नाही, तर हेमंत हसून माझ्या कानात म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मीही हसलो. लिव्हर कितीही जोरात ढकलला तरी इंजिनाचा कंट्रोलर आपल्या बेतानंच रॉकेल सोडतो, हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी हेमंतचं स्वतःचं जेट तीनदा हवेत बंद पडलं, तेव्हा मी वहीत 'इंजिन ट्रबल' लिहिलं होतं. आपला तो बाब्या. ह्या खेपेला मी 'पायलट एरर' लिहिलं. निर्णय झाला की जोडणी रितेशनं नव्यानं करावी, पहिली दोन उड्डाणंही त्यानंच करावीत, तोवर बाईंना बंदी.

"एकतीस वर्षांत माझ्या नावापुढं असं कुणी लिहू शकलं न्हाई," विमलाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात न्हाई लिहू दिलं, हितं तर न्हाईच."

दवाखान्याची ती गोष्ट मला नंतर कळली. कधीतरी वीस वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरला घाई होती. मशीन हवेचा इशारा देत होतं आणि तो म्हणत होता, इशारा बंद करा, चालू करा, मशीनच बिघडलंय. विमलाबाईंनी नळीला चिमटा लावला आणि चिमट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरिष्ठांची आज्ञा मोडली म्हणून त्यांना मेमो मिळाला. त्यांनी माफी लिहून दिली नाही. रोज कामावर जायच्या, रोज मेमोला एक उत्तर द्यायच्या, आणि प्रत्येक उत्तरासोबत त्या दिवशीच्या नळीतल्या हवेचा हिशेब. तीन आठवड्यांनी मेमो मागं घेतला गेला. मूळ कागद त्यांनी मागून घेतला आणि अजून हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे.

कमिटीच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून चौदावी ओळ कुठून आली ते शोधलं. पेट्रोलच्या विमानांची एक जुनी यादी होती, त्यात ती ओळ होती. तिथं ठीक आहे. जेटची यादी करताना मी ती तशीच उतरवली होती. मग रितेशनं बसवलेली जेटं आठवली. सगळ्यांत फिल्टर पंपाच्या पुढं. त्याच्या विमानांवर मी न बघताच खुणा करत आलो होतो. फक्त बाईंचं विमान ओळ न् ओळ वाचून तपासलं होतं. असं का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर आवडलं नाही. मी मूग गिळून बसलो.

बाईंचं पत्र डिसेंबरात आलं. चार पानं, मराठीत, क्लबच्या सेक्रेटरीला. कमिटीत मराठी वाचणारा मी एकटा. हेमंत मुंबईचा, मराठी झकास बोलतो, पण वाचायला लागला की बोट ठेवतो. रितेशला तर देवनागरी म्हणजे दुकानाच्या पाट्यांपुरती. हेमंत म्हणाला, तूच वाच. मी वाचलं. पत्रात पाच मुद्दे होते. जानेवारीतल्या वार्षिक दिवशी सगळ्यांसमोर मी दहा मिनिटं आणि एक टेबल घेईन, असंही कळवलं होतं. तिसरा मुद्दा चौदाव्या ओळीचा होता. मी दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलो. श्वाससुद्धा अडखळला नाही. तिसऱ्यावाचून ते पत्र नुसतं रडगाणं वाटत होतं, आणि कमिटीनं ते नामंजूर केलं. हेमंतनं वर एक सुचवलं, वार्षिक दिवशी बाईंना गुच्छ देऊ, ज्येष्ठ महिला सदस्य म्हणून.

वार्षिक दिवशी ट्रॉली ऑटो आला तो टेबल घेऊनच. घडीचं टेबल, एक फळी, आणि निळं जेट, नवं चाक, नवं नाक. हेमंत पुढं झाला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, परवानगी तर दिली नव्हती.

"मी कळवलं होतं," विमलाबाई म्हणाल्या. "विचारलं नव्हतं."

टेबल मांडलं गेलं. लोक जमले, वार्षिक दिवस, सगळ्यांची कुटुंबं आलेली, इडली-वड्याच्या प्लेटा हातात. हेमंतनं गुच्छ पुढं केला. त्यांनी तो फळीवरून बाजूला ठेवला, रॉकेल सांडेल म्हणून. मग रितेशला त्यांनी सरळ विचारलं की तुम्ही एवढे जाणकार, माझ्या पत्रातल्या तिसऱ्या मुद्द्यावर, फिल्टरच्या, तुमचं मत काय? रितेश गोंधळला. फिल्टरचा कुठला, म्हणाला. मुद्दे तर चारच होते, त्यात फिल्टर नव्हता.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नळीत काय अडकलंय ते बघावं तसं. त्यांना कळायला दोन क्षण लागले असतील. त्यांनी पेटीतून पत्राची नक्कल काढली आणि माझ्यासमोर धरली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं."

मी वाचलं. 'मुद्दा तिसरा. फिल्टर मी पंपाच्या पुढं बसवला होता. सेक्रेटरी साहेबांनी चौदाव्या ओळीवर बोट ठेवून तो पंपाच्या आधी लावायला लावला. मी हरकत घेतली, ती लिहून घेतली नाही. इंजिन ह्या बदलानं बंद पडलं. पायलटनं नाही.' मग सगळ्यांना कळावं म्हणून मला ते दखनी-हिंदीतही सांगावं लागलं. तेव्हा तर एकेक शब्द दुसऱ्यांदा गिळावा लागला. आणि आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं. मी सांगून टाकलं की ओळ चुकीची आहे, मी ती उतरवली आहे, सप्टेंबरपासून मला माहीत आहे, आणि कमिटीत हा मुद्दा मी मुद्दाम गाळला.

"मराठी माणूस वाचंल म्हणून मराठीत लिहिलं होतं," विमलाबाई म्हणाल्या. एवढंच. पुण्याला आईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हेमंतला विषय मिटवायचा होता. वहीत 'कारण अज्ञात' करू, जेवण थंड होतंय, असं काहीतरी तो म्हणाला. बाईंनी पंप चालू केला.

फळीवर टाकी, चेंबर, फिल्टर, पंप आणि शेवटी काचेच्या बाटलीत जाणारी पारदर्शक नळी. फिल्टर पंपाच्या आधी, माझ्या यादीप्रमाणं. पंप हळू होता तोवर नळी स्वच्छ. त्यांनी वेग वाढवला. पूर्ण वेगाला नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ धावू लागली, खसखशीसारखी. मग त्यांनी पांढरी गॉज घेतली, फिल्टरचे दोन्ही जोड पुसले आणि ती गॉज हातोहात फिरवली. कोरडी. दातांच्या डॉक्टरनं वास घेऊन बघितला, तरी कोरडीच.

"पंपाच्या आधीचा जोड चोर असतो," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "तो बाहेर काय सांडत न्हाई. हवा आत घेतो. वरनं कोरडा, साजरा. पेशंट मरतो तरी कोरडाच."

फिल्टर काढून त्यांनी पंपाच्या पुढं लावला, चेंबर थेट पंपाला जोडलं, उलटं धरून टकटक केलं. माळावर सगळी माणसं त्या टकटकीकडं कान देऊन उभी. पंप पूर्ण वेगाला गेला. नळीत काही दिसेना. रॉकेल धावतंय की थांबलंय तेही कळेना, इतकं स्वच्छ. मग त्यांनी पंपापुढचा एक जोड मुद्दाम सैल केला. लगेच थेंब आले, टप टप, फळीवर. इथला जोड ढिला पडला तर लगेच चुगली करतो, त्या म्हणाल्या, म्हणून फिल्टर इथं. रितेश खाली वाकून बघत होता. वर उठला आणि म्हणाला, बाई बराबर बोलतायत, मी पण पुढंच लावतो, पण का ते मला कधी माहीत नव्हतं. हे बोलायला हिंमत लागते, आणि ती त्याच्याकडं माझ्यापेक्षा जास्त होती.

वही आणली. 'पायलट एरर'वर मी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'तपासणी यादीतली चूक.' त्यांनी वाचलं.

"यादी कुणी लिहिली?" त्यांनी विचारलं. "कागदाला हात असतात का?"

मी तेही खोडलं आणि लिहिलं, 'सेक्रेटरीची चूक. मंदार.' खाली तारीख घातली. आता बंदी उठली, उडवू, म्हणून मी तपासणीच्या रकान्यात सही करायला गेलो, तर त्यांनी वही ओढून घेतली. मागच्या खेपेला कागद बघून सही केली, आता विमान बघा, म्हणाल्या. मी गुडघ्यावर बसलो, विमानाच्या पोटात बॅटरीचा उजेड धरला, आणि अकराच्या अकरा जोड बोटानं चाचपले. बायका-मुलं बघत होती. पँटला लाल माती लागली. अकरावा जोड झाल्यावर त्यांनी वही दिली. 'इंधनाची जोडणी कोणी केली' ह्या रकान्यात, रितेश, रितेश, रितेशच्या खाली, त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: विमल किशनराव सोनकांबळे.

इंजिनानं आधी टिकटिक केली, मग शिट्टी धरली. आग विझवायचं नळकांडं घेऊन मी मागं उभा होतो. 'किशनराव' पट्टीवरून सुटलं ते सरळ वर. एक फेरी, दुसरी. तिसरीला विमान चिंचेकडं वळलं आणि मला वाटलं, आता बाई जपून जातील, वळसा घेतील. त्यांनी नेमका चिंचेवर पूर्ण जोर दिला. आवाज माळभर फाटत गेला. वळून त्या पुन्हा तिथं आल्या, पुन्हा पूर्ण जोर. आणि तिसऱ्यांदा. मला दाखवायला जेवढं पुरे होतं त्याहून एक फेरी जास्तच. सात मिनिटांनी विमान उतरलं, धावत आलं, आणि त्यांच्या बुटांपासून चार हातांवर थांबलं. इंजिन अजून चालू होतं. त्यांनी ते लगेच बंद केलं नाही. सगळ्यांना ऐकू दिलं.

लोक टाळ्या वाजवत होते. बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी मला यादी मागितली. प्लास्टिकमध्ये मढवलेली माझी यादी त्यांनी टेबलावर ठेवली, नळ्या कापायचं ब्लेड काढलं, मोजपट्टी धरली, आणि चौदावी ओळ वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी, दर वेळी एका दाबात, सरळ कापून काढली. यादीला मध्ये एक खिडकी पडली. कापलेली पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली.

"माझा मेमो माझ्या पेटीत हाय," त्या म्हणाल्या. "हा तुमचा. जपून ठेवा."

मग त्यांनी गुच्छ ऑटोवाल्याला देऊन टाकला, टेबलाची घडी केली आणि इडली घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या. पट्टी माझ्या पाकिटात आहे. मध्ये खिडकी पडलेल्या त्याच यादीवर मी अजून विमानं तपासतो, आणि तेरावी ओळ झाली की त्या खिडकीतून मला खालचं विमान दिसतं.